चावा ते झॉम्बी : गेममधला विषाणू कुठून येतो आणि कसा पसरतो

कॅपकॉम या जपानी कंपनीचा 'रेसिडेंट ईव्हिल' हा गेम १९९६ साली आला. त्यातल्या हवेलीच्या एका खोलीत प्राण्यांची देखभाल करणाऱ्या नोकराची डायरी सापडते. ११ मे १९९८च्या पहाटे त्याला झोपेतून उठवून संरक्षक सूट घालायला लावतात. दुसऱ्याच दिवशी अंगाला खाज सुटते, मग फोड येतात. १६ तारखेला खाजवताना दंडाचं मांस गळून पडतं. १९ला ताप उतरतो, पण भूक काही केल्या भागत नाही. २१ला भेटायला आलेला सहकारीच त्याचं जेवण होतो. त्यानंतरच्या नोंदीत धड तारीखही नाही, नुसते दोन शब्द उरलेत.

ही डायरी भयकथेचा तुकडा म्हणून गाजली, पण नीट वाचली तर तो रुग्णाचा केस पेपर आहे. लागण केव्हा झाली, लक्षणं कोणत्या क्रमाने आली, विचारशक्ती कधी गेली, दुसऱ्याला धोका कधी सुरू झाला, सगळं तारखेसकट नोंदलेलं. लागण ते झॉम्बी, साधारण दहा दिवस.

आता याच मालिकेचा दुसरा भाग घ्या. त्यात मार्विन ब्रॅना हा जखमी पोलीस अधिकारी एका रात्रीत बदलतो. विषाणू तोच, मग दहा दिवसांचे काही तास कसे झाले? चाव्यातून थेट रक्तात गेला, मात्रा जास्त होती, असं म्हणता येईल. खरी गोष्ट अशी की पहिल्या गेमला कागदावर हळूहळू चढणारी भीती हवी होती आणि दुसऱ्याला ओळखीचा माणूस त्याच रात्री अंगावर यायला हवा होता. लागण आणि लक्षणं यांमधल्या या काळाला वैद्यकात परिपाक काळ म्हणतात. गेममधला कुठलाही विषाणू समजून घ्यायचा तर आधी हा काळ मोजावा. उगमाची कथा कितीही रंगवलेली असो, एकच शहर पडणार की सगळं जग, औषध शोधायला वेळ मिळणार की नाही, हे बहुतेक वेळा हाच आकडा ठरवतो.

फुलापासून गटारापर्यंत

या विषाणूचं नाव टी-व्हायरस. त्याची वंशावळ मालिकेने पुढच्या भागांमधून मागे मागे नेत रचली. पश्चिम आफ्रिकेतल्या एका फुलात 'प्रोजेनिटर' नावाचा मूळ विषाणू असतो. गेमच्या कालरेषेत १९६६ साली ओझवेल स्पेन्सर, जेम्स मार्कस आणि एडवर्ड अॅशफर्ड तो मिळवतात आणि १९६८मध्ये त्याच्या जोरावर अंब्रेला ही औषध कंपनी काढतात. मूळ विषाणू टोचलेला जीव बहुधा दगावतो, म्हणून मार्कस त्याची सांगड जळूच्या जनुकांशी घालतो. त्यातून निघतो तो टी-व्हायरस. यातला 'टी' टायरंटचा, म्हणजे कंपनीला खरोखर हव्या असलेल्या, आज्ञा पाळणाऱ्या राक्षसी सैनिकाचा. झॉम्बी हा अंब्रेलाचा माल कधीच नव्हता. माल बनवताना पडलेला तो कचरा होता. अनेक खेळाडूंच्या हे लक्षातच येत नाही, पण ते कळलं की कंपनी गळती लपवायला इतकी का धडपडते तेही कळतं.

शरीरात हा विषाणू काय करतो? मरू घातलेल्या पेशींना बळेच चालू ठेवतो आणि चयापचय प्रचंड वाढवतो, म्हणून न भागणारी भूक. मेंदूचा पुढचा, विचार करणारा भाग नासतो. हालचाल आणि भूक सांभाळणारा खालचा भाग टिकतो. काल्पनिक शास्त्र म्हणून हे बरंच सुसंगत आहे. अडचण आहे ती 'मेलेलं' या शब्दाची. विषाणूला स्वतःचं चयापचय नसतं. त्याच्या प्रती काढायचं काम जिवंत पेशीच करते. पेशी मेली की छापखाना बंद. स्नायूंचंही तेच. त्यांना आकसायला एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, लागतं आणि सैल व्हायलाही एटीपीच लागतं, म्हणून तर प्रेत ताठरतं. टी-व्हायरसचा झॉम्बी चालायचा असेल तर तो पूर्ण मेलेला असून चालणार नाही, आणि त्या भुकेलाही तेव्हाच अर्थ राहतो.

गेममधल्या रकून सिटी या शहराचा नाश मात्र साथरोगाच्या अंगाने फार नेमका लिहिलाय. सप्टेंबर १९९८मध्ये विल्यम बर्किन हा संशोधक आपला नवा जी-व्हायरस कंपनीला द्यायला नकार देतो. कंपनीची सशस्त्र तुकडी त्याला गोळ्या घालून नमुने पळवते. मरता मरता तो जी-व्हायरस स्वतःला टोचून घेतो आणि भूमिगत गटारात त्या तुकडीला गाठतो. त्या झटापटीत टी-व्हायरसच्या कुप्या फुटतात. सांडलेला विषाणू उंदीर खातात. उंदीर गटारभर फिरतात आणि सुमारे एक लाख वस्तीचं शहर काही दिवसांत कोसळतं. १ ऑक्टोबरला पहाटे सरकार ते क्षेपणास्त्राने बेचिराख करतं.

यात उंदीर का हवेत? नुसत्या चाव्यांनी शहर पडणं अवघड असतं. पहिला झॉम्बी चावतो, लोक ओरडतात, पोलीस गोळ्या घालतात, प्रकरण एका गल्लीत संपतं. पण उंदीर आणि सांडपाणी हा सामाईक स्रोत झाला की शंभर ठिकाणी एकाच वेळी लोक आजारी पडतात. कोणी कोणाला चावलेलं नसतं, त्यामुळे कोणी सावधही नसतं. रुग्ण स्वतःच्या पायांनी दवाखान्यात जातात आणि तिथे बदलतात. चाव्यांची साखळी सुरू होते तेव्हा तिला थोपवणारी यंत्रणा आधीच भरून गेलेली असते. पाणी, अन्न किंवा हवा यांतून पहिली लाट आणि चाव्यातून दुसरी, ही दोन टप्प्यांची रचना ज्या गेममध्ये असते तिथली साथ पटते. सगळं एका चाव्यावर ढकललेलं असलं की प्रश्न पडतो, सैन्य होतं कुठे?

पहिल्या भागाच्या २००२च्या नव्या आवृत्तीत या विषाणूला आणखी एक खोड दिली. पाडलेल्या झॉम्बीचं डोकं उडालं नसेल आणि प्रेतही जाळलं नसेल, तर काही वेळाने ते लाल डोक्याचं, जास्त चपळ होऊन उठतं. जाळायला रॉकेलचा फ्लास्क आणि लायटर दोन्ही लागतात, आणि फ्लास्क एका भरणीत दोनच प्रेतांना पुरतो. नवखे खेळाडू दिसेल ते प्रेत जाळत सुटतात आणि मधल्या टप्प्यावर रॉकेल संपतं. ज्या मार्गिकेतून पुन्हा पुन्हा जायचंय तिथलीच प्रेतं जाळायची. जिथे परत पाऊल ठेवायचं नाही तिथला झॉम्बी पाडायचाच कशाला? चुकवून पुढे जावं.

विषाणू नसलेले 'विषाणू'

सरसकट 'झॉम्बी व्हायरस' म्हटलं जातं, पण निम्म्या गेममध्ये गुन्हेगार दुसराच असतो. २०१३मध्ये आलेल्या 'द लास्ट ऑफ अस'मध्ये ती कॉर्डिसेप्स जातीची बुरशी आहे. कल्पना मिळाली बीबीसीच्या 'प्लॅनेट अर्थ' या माहितीपट मालिकेतल्या मुंग्यांवरून. खऱ्या जंगलात ही बुरशी मुंगीच्या शरीरात वाढते, तिला झाडावर चढायला लावते, पानाच्या शिरेत जबडा रुतवायला लावते आणि मग डोक्यातून देठ फुटून बीजाणू खाली सांडतात. बुरशीला स्वतःचं शरीर असतं, ती तंतूंनी वाढत जाते. विषाणूला हे जमणारच नाही. म्हणून त्या गेममधला बाधित माणूस वर्षागणिक रूप बदलतो. पहिल्या दोन दिवसांत धावणारा रनर होतो, पुढे दबा धरून बसणारा स्टॉकर, वर्षभराने डोळे बुरशीखाली गेल्यामुळे आवाजावर चालणारा क्लिकर, आणि बऱ्याच वर्षांनी बुरशीचं चिलखत चढलेला ब्लोटर. शत्रूची पातळी म्हणजे आजाराचं वय. गेमरचना आणि रोगविज्ञान इतकं चपखल बसलेलं दुसरं उदाहरण सहज आठवत नाही. खऱ्या जगात आडवी येते ती आपली ३७ अंश सेल्सियसची ऊब. बहुतेक बुरश्यांना ती सोसत नाही, आणि मुंगीत मुरलेल्या जातीला माणूस हे सर्वस्वी परकं घर आहे.

'डेड रायझिंग'मध्ये दोष कीटकांच्या अळ्यांचा. जास्त मांस मिळवण्याच्या संशोधनातून निघालेल्या गांधीलमाश्या माणसाच्या शरीरात अळ्या सोडतात. 'रेसिडेंट ईव्हिल'च्याच चौथ्या भागात विषाणू नाही, लास प्लागास हा परजीवी आहे. म्हणून तिथले गावकरी बोलतात, हत्यारं चालवतात, कट रचतात. 'डेड आयलंड'ने आपल्या साथीचं नातं कुरू या खऱ्या आजाराशी जोडलं आणि तिथे गफलत झाली. कुरू हा पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांमध्ये आढळलेला मेंदूचा आजार. तो विषाणूमुळे होत नाही. चुकीच्या घडीच्या प्रथिनामुळे, म्हणजे प्रायॉनमुळे होतो. अंत्यविधीत मृताचा मेंदू खाल्ल्याने तो पसरायचा आणि लक्षणं दिसायला अनेक वर्षं, क्वचित पन्नासहून अधिक वर्षं लागायची. नरभक्षणाचा धागा तेवढा गेमच्या कामाचा होता, बाकी वेगाचं गणित पार उलटं.

वागण्याच्या बाबतीत झॉम्बी विषाणूचा सख्खा भाऊ शोधायचा तर तो रेबीज. 'डाइंग लाइट'मधल्या हॅरन शहराच्या विषाणूचा संबंधही रेबीजशी लावलाय. रेबीज लाळेतून, चाव्यातून जातो. जखमेतून मज्जातंतूंत शिरतो आणि तंतूच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. मेंदूत पोचल्यावर पुन्हा बाहेर, लाळग्रंथींत. त्याच सुमारास रुग्ण बिथरतो, त्याला गिळता येत नाही, तोंडात विषाणूने भरलेली लाळ साचते. लक्षणं दिसली की मृत्यू जवळपास अटळ. पण परिपाक काळ सहसा दोन ते तीन महिने. कधी आठवडाभर, कधी वर्षभर. याच दिरंगाईमुळे चावल्यानंतर घेतलेली लस उपयोगी पडते. विषाणू वाटेत असताना शरीराला तयारी करायला वेळ मिळतो. गेममध्ये चाव्यानंतर दहा सेकंदांत माणूस उठत असेल, तर तिथे लस शोधायची मोहीम देणं म्हणजे खेळाडूची थट्टा आहे.

वेगाचं गणित

प्रत्येक झॉम्बी मारला जाण्यापूर्वी सरासरी दोन माणसांना लागण देतो असं धरा. एकाचे दोन, दोनाचे चार. विसाव्या पिढीत १०,४८,५७६ नवे झॉम्बी. एका पिढीला दहा मिनिटं लागत असतील तर हे तीन तास वीस मिनिटांत होतं. दोन दिवस लागत असतील तर चाळीस दिवसांत. पहिला विषाणू जास्त भयानक वाटतो, पण जग बुडवतो तो दुसरा. दहा मिनिटांत बदलणारा माणूस विमानतळापर्यंत पोचत नाही. चढलाच तर विमान उतरत नाही. दोन दिवस धडधाकट दिसणारा माणूस दोन खंड ओलांडून, सगळ्यांना मिठ्या मारून मग बदलतो. जलद विषाणू शहराच्या गेमसाठी, संथ विषाणू जग संपल्यानंतरच्या गेमसाठी.

एका रुग्णापासून सरासरी किती जणांना लागण होते, या आकड्याला पुनरुत्पादन संख्या म्हणतात. ती एकच्या खाली गेली की साथ आपोआप विझते. गोवराची १२ ते १८ धरली जाते. कुत्र्यांमधल्या रेबीजची दोनच्याही खाली. चावणं हा प्रसाराचा किती कंजूष मार्ग आहे ते यावरून कळावं. पण झॉम्बीकडे एक हुकमाचं पान असतं, तो बरा होत नाही आणि आपणहून मरत नाही. साध्या साथीत रुग्ण काही दिवसांत बरा होऊन किंवा मरून साखळीबाहेर जातो. झॉम्बीला साखळीबाहेर काढायला दरवेळी कोणीतरी जाऊन त्याला पाडावं लागतं. २००९मध्ये कॅनडातल्या चार अभ्यासकांनी हेच समीकरणांत मांडलं. त्यांच्यापैकी एकाच्या आडनावातच प्रश्नचिन्ह आहे, तेही अधिकृत. त्यांचा निष्कर्ष असा की अलगीकरणाने शेवट फक्त लांबतो. वरचेवर आणि दरवेळी जास्त जोराने हल्ले केले तरच माणूस टिकतो.

हे सगळं हाताने फिरवून बघायचं असेल तर 'प्रोजेक्ट झॉम्बॉइड' हा गेम उघडावा. कथा घडते जुलै १९९३मध्ये, केंटकीत. सुरुवातीच्या सेटिंगमध्ये लागण कशातून होते (रक्त आणि लाळ, फक्त लाळ, की सगळेच आधीपासून बाधित), माणूस किती वेळात मरतो (लगेच, काही सेकंदांत, दोन ते तीन दिवसांत, एक-दोन आठवड्यांत, की कधीच नाही) आणि प्रेत किती वेळाने उठतं, हे तिन्ही स्वतंत्रपणे बदलता येतं. मूळ सेटिंग दोन ते तीन दिवसांचं आहे. ओरखड्यातून लागण होण्याची शक्यता ७ टक्के, खोल चिरेतून २५ टक्के, चाव्यातून १०० टक्के.

इथे सर्वांत जास्त गोंधळ दोन वेगळ्या संसर्गांचा होतो. मळकी पट्टी बांधली की जखम चिघळते. तो साधा संसर्ग. स्वच्छ पट्टी बांधा, अल्कोहोल किंवा जंतुनाशकाने जखम धुवा, बरी होते. झॉम्बीकडून आलेली लागण याने रेसभरही हलत नाही, तिच्यावर गेममध्ये उपायच नाही. म्हणून ओरखडा उठला की घाबरून पात्र सोडून देऊ नये. शंभरात त्र्याण्णव वेळा काही होत नाही. चावा बसला असेल तर मात्र उरलेले दोन दिवस सामान सुरक्षित जागी पोचवण्यात घालवावेत, म्हणजे पुढच्या पात्राला ते सापडतं.

ठरवून न सोडलेली साथ

आतापर्यंतच्या सगळ्या साथी लेखकांनी लिहिलेल्या. १३ सप्टेंबर २००५ला 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या अनेकांनी एकत्र खेळायच्या ऑनलाइन गेममध्ये एक साथ कोणी न लिहिता पसरली. तिच्यात झॉम्बी नव्हते, पण प्रसार समजून घ्यायला तिच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. झुल'गुरुब नावाच्या नव्या मोहिमेत हक्कार हा बॉस खेळाडूंवर 'करप्टेड ब्लड' नावाचा शाप टाकायचा. काही सेकंद रक्त कमी होत राहायचं आणि जवळ उभ्या असलेल्यालाही शाप लागायचा. ताकदवान खेळाडू तो सोसायचे. मोहिमेबाहेर पडलं की शाप निघून जावा, अशी रचना होती.

शिकारी खेळाडूंचे पाळीव प्राणी कोणाच्या लक्षात आले नाहीत. बाधित प्राणी तात्पुरता परत पाठवला की त्याच्यावरचा शाप जसाच्या तसा गोठायचा, आणि शहरात त्याला पुन्हा बोलावलं की साथ भर बाजारात. कमी पातळीची पात्रं क्षणांत कोसळायची. दुकानदार, पहारेकरी यांसारख्या संगणकाने चालवलेल्या पात्रांनाही लागण व्हायची, पण ती मरत नव्हती. तिथेच उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला शाप वाटत राहायची. रोगाचा साठा करणारे प्राणी, लक्षणं नसलेले वाहक, विमानासारखा झटपट प्रवास, साथ पसरायला जे लागतं ते सगळं एका चुकीतून जमून आलं. विलगीकरणाचे प्रयत्न फसले, कारण काहीजण मुद्दाम गर्दीत जाऊन शाप पसरवत होते आणि काहीजण नुसते बघायला येत होते. शेवटी सर्व्हर नव्याने सुरू करून आणि नियम बदलून ती थांबली. २००७मध्ये एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन यांनी 'लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस'मध्ये यावर लेख लिहिला. बघ्यांच्या कुतूहलासारखी वागणूक साथींच्या गणितात सहसा धरलेली नसते, हे त्यांनी दाखवून दिलं.

२०१२च्या 'प्लेग इंक.'मध्ये बाजू बदलते, विषाणू तुम्हीच असता. नेक्रोआ हा त्यातला झॉम्बी बनवणारा प्रकार. पहिल्यांदा खेळणारा हमखास एकच चूक करतो. सुरुवातीलाच प्राणघातक लक्षणं विकत घेतो. लगेच जगाचं लक्ष जातं, बंदरं बंद होतात, ग्रीनलंड किंवा मादागास्कर शेवटपर्यंत कोरं राहतं. आधी गुपचूप पसरायचं, अचानक उपटलेली लक्षणं मागे घ्यायची, आणि बेटांपर्यंत पोचल्यावरच दात दाखवायचे. वर केलेला दोन दिवस विरुद्ध दहा मिनिटांचा हिशेब इथे बोटांखाली येतो.

ज्यांना काही होत नाही

नायकाला लागण का होत नाही, याचं उत्तर बरेच गेम टाळतात. चाळीस वेळा चावा खाऊन औषधी वनस्पती खाल्ली की झालं. काहींनी मात्र परिपाक काळालाच घड्याळ केलं. 'डेड रायझिंग २'मध्ये नायकाच्या मुलीला दर चोवीस तासांनी झॉम्ब्रेक्स या औषधाचा डोस द्यावाच लागतो; चुकला की मुलगी गेली. 'डाइंग लाइट'मधलं अँटिझिनही असंच. ते रोग बरा करत नाही, लांबवतं, आणि म्हणून ज्याच्या ताब्यात त्याची खोकी तोच शहराचा मालक.

'लेफ्ट ४ डेड'ची युक्ती जास्त क्रूर आहे. २००८च्या या गेममध्ये ग्रीन फ्लू नावाची साथ पेनसिल्व्हेनियात भडकते आणि चार जण काही केल्या बाधित होत नाहीत. खेळाडू समजतो, आपण नशीबवान. वाचवायला आलेल्या हेलिकॉप्टरचा पायलट उडता उडता बदलतो आणि हेलिकॉप्टर कोसळतं, तरी कोणाला शंका येत नाही. उलगडा होतो तो नंतर आलेल्या चित्रकथेत. हे चौघे रोगमुक्त नसून वाहक आहेत. विषाणू त्यांच्या अंगात आहे, त्यांना काही करत नाही, पण त्यांना आसरा देणाऱ्या प्रत्येकाला ते तो देत आलेत. ज्या सुरक्षित ठिकाणांकडे ते गेमभर धावत होते, तिथे साथ घेऊन जाणारे तेच.